अंगणातला जावईशोध

काँक्रीटला काहीही फासू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. हे मत बनवायला मला बरेच पैसे, एक अख्खा पावसाळा, चपलांचे काही जोड आणि शेजारणीची मर्जी एवढा खर्च आला. ज्यांना ते फुकटात हवं असेल, त्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

मुळात काँक्रीट ही फार स्वाभिमानी वस्तू आहे. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी एकत्र आलं, आठवडाभर कुणी नीट पाणी मारलं, की २८ दिवसांत ते आपली बहुतेक ताकद कमावतं आणि पुढे वर्षानुवर्षं कुणाकडे काही मागत नाही. मागतो तो माणूस. त्याला त्यावर चकाकी हवी असते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर भाईंदरचा तिसरा मजला सोडून आम्ही उत्तनला बैठ्या घरात राहायला आलो. भाईंदर स्टेशनवरून सुटलेली बस मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरीला पोहोचली की तिचा मुंबईशी संबंध संपतो. पुढे चर्च, माड, होड्या आणि बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. पावसाळा सोडला तर गावात जिथे ऊन पडतं तिथे काही ना काही सुकत असतं. आमच्या फाटकापासून दारापर्यंत गाडीसाठी काँक्रीटचा चढ आहे. त्यावर शेजारच्या मावशी जवळा सुकवायच्या. आधीच्या मालकांपासून चालत आलेली ही वहिवाट खरेदीखतात नव्हती, पण खरेदीखतापेक्षा मजबूत होती.

त्या खरबरीत, करड्या, जवळ्याच्या वासाच्या चढावर माझ्या मेव्हण्याची नजर पडली. मेव्हणा कोथरूडला राहतो आणि त्याचा सर्व विषयांवर अधिकार आहे. समुद्राची खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, आतलं लोखंड गंजतं, गंजताना फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं, हे त्याने मला चहाच्या दोन कपांत समजावून सांगितलं. हे शास्त्र शंभर टक्के खरं आहे. आमच्या चढात लोखंडच नाही, एवढा एक तपशील त्यात बसत नव्हता. पण तो फार उशिरा, म्हणजे मी स्वतः तिथे खड्डा पाडल्यावर उघडकीला आला.

"दाजी, सीलर मारून टाका," मेव्हणा म्हणाला.

भाईंदरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "ग्लॉसी की मॅट?" मी म्हणालो, "ग्लॉसी." या विषयावर मी तज्ज्ञांशी केलेली चर्चा ती एवढीच. खरं म्हणजे प्रश्न वेगळा विचारायला हवा होता. सीलरची दोन घराणी आहेत. सिलेन, सिलॉक्झेन ही मंडळी काँक्रीटच्या छिद्रांत मुरतात. वरून काही दिसत नाही, पाणी मात्र आत जात नाही. ॲक्रिलिक, इपॉक्सी, पॉलियुरेथेन ही मंडळी दुधावरच्या सायीसारखी वर पसरून बसतात आणि चमकतात. मुरणाऱ्या सीलरचा डबा तिथेच शेजारी मांडला होता. पण लावल्यावर दिसणारच नाही अशा वस्तूचे पैसे मोजणं बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या जिवावर येतं.

मे महिन्यात मी स्वतः रोलर फिरवला. डब्यावर 'पातळ हात द्या' असं बजावलं होतं. पातळ हात देऊन झाल्यावर डब्यात बराच सीलर उरला. उरलेलं टाकायचं नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा. डब्याचा तळ दिसेपर्यंत मी हात देत राहिलो. चढ असा चमकला की संध्याकाळी त्यात फाटक दिसू लागलं. मावशी जवळ्याची टोपली घेऊन आल्या, हे अंगण आहे की आरसा असं विचारून उभ्या राहिल्या आणि आल्या पावली परत गेल्या. ओल्या जवळ्याचं पाणी काँक्रीट पिऊन टाकतं म्हणून तो लवकर सुकतो. या पापुद्र्यावर तो नुसता भिजत पडला असता. त्यांना हे एका नजरेत कळलं. मला वाटलं, त्यांना हेवा वाटला.

मुंबईत मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला पोहोचतो. माझ्या चकाकीचं आयुष्य तेवढंच होतं. जमिनीतला ओलावा वाफेच्या रूपाने काँक्रीटमधून सतत वर येत असतो, आणि समुद्रकाठी पावसाळ्यात तर त्याला तोटा नाही. वर जाड पापुद्रा आडवा आला की तो तिथेच कोंडतो आणि पापुद्रा पांढरट पडतो. थर जितका जाड तितका पांढरा, म्हणजे माझा विक्रमी पांढरा. चढावर नकाशे उमटले. बायकोने त्यातला ऑस्ट्रेलिया ओळखला.

नकाशे परवडले, पण घसरण परवडेना. साधं काँक्रीट पाऊल धरून ठेवतं; त्यावरचा हा पापुद्रा ओला झाला की पाऊल सोडून देतो. दूधवाला पिशवी फाटकालाच अडकवून जाऊ लागला. कुरियरवाला रस्त्यावरून नाव पुकारायचा. मांजरंसुद्धा भिंतीवरून ये-जा करू लागली. लोकांना चांगल्या वस्तूची सवय नसते, असं मी तेव्हाही म्हणत होतो.

साल २०२३. त्या वर्षी अधिक श्रावण १८ जुलैला लागला, म्हणजे ऐन पावसात. अधिक महिन्यात जावयाला साक्षात विष्णू मानून त्याला ३३ अनारशांचं वाण द्यायचं असतं. लेक आणि जावई आले. जावईबापू छत्री मिटत फाटकातून आत शिरले, चढावर काही पावलं वर आले, तिथे क्षणभर थबकले आणि मग आडव्या स्थितीत पुन्हा फाटकाकडे रवाना झाले. आमचे विष्णू अंगणात शेषशायी झाले. हाडं शाबूत होती, पँट नव्हती. माझी लुंगी नेसून जेवायला बसलेल्या जावईबापूंनी अनारसा तोडत एकच प्रश्न केला, "बाबा, ते काढता येतं ना?"

"येतं की!" मी म्हणालो. मला त्याबद्दल काहीही माहीत नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर कामाला लागलो. आधी सोडा आणि नारळाचा काथ्या. मग भाड्याने आणलेला प्रेशर वॉशर. जो पापुद्रा आपण होऊन सुटायच्या बेतात होता तो उडाला. उरलेला स्वच्छ धुऊन निघाल्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त चमकू लागला.

कोथरूडला फोन लावला. "ॲसिड टाका," मेव्हणा म्हणाला. "ॲसिडपुढे काही टिकत नाही."

हायड्रोक्लोरिक ॲसिड आणलं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हा शाळेतला नियम आठवत होता म्हणून चेहरा वाचला. बाकी सगळा नाश यथासांग झाला. ॲसिड सिमेंटवर तुटून पडतं. ॲक्रिलिककडे ते ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे जिथला सीलर उडाला होता तिथलं काँक्रीट फसफसलं आणि खडी वर आली. जिथे सीलर होता तिथे तो आणि त्याच्या पोटातलं काँक्रीट, दोघंही सुखरूप. सीलर काँक्रीटचं संरक्षण करतो, हा डब्यावरचा दावा मला त्या दिवशी प्रथमच पटला.

ॲसिड एकटं पुरत नाही तर त्यावर ब्लीचिंग पावडर टाकून पाहावी, या विचाराने मी पिशवी उघडली आणि बायको स्वयंपाकघरातून झाऱ्यासकट बाहेर आली. "अहो, १९१५ साली जर्मनांनी ईप्रला जो वायू सोडला, तोच तुम्ही उत्तनला सोडणार आहात का?" ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन निघतो. बायको रसायनशास्त्राची पदवीधर आहे. ही माहिती लग्नाआधी मला मिळाली होती, पण पुढे कधी वापरात न आल्यामुळे विस्मरणात गेली होती.

एवढं होऊनही मी तिला विचारलं नाही. तज्ज्ञ घरचा असला की त्याच्यावर विश्वास बसत नाही. ओळखीच्या पेंटरने टर्पेंटाइन सुचवलं. टर्पेंटाइन ऑइल पेंटचं सोयरं. ॲक्रिलिकवर त्याची मात्रा चालत नाही. चढ तेलकट झाला. मग मेव्हण्याने थिनर सुचवलं, आणि या वेळी तो चक्क बरोबर निघाला. टोल्युईन, झायलीन असले द्राव असलेल्या थिनरमध्ये ॲक्रिलिक विरघळतं. मी ऑक्टोबरच्या भर दुपारी, हवा कडक तापलेली असताना, चढाच्या वरच्या टोकाला डबा उपडा केला.

पहिला चमत्कार झाला तो खरा. पापुद्रा विरघळून मधासारखा चिकट लगदा झाला. दुसरा चमत्कार असा की उन्हामुळे थिनर भराभर उडून गेलं आणि लगदा होता तिथेच पुन्हा कडक झाला. म्हणजे मी सीलर काढला नव्हता, सरकवला होता. त्यात माझ्या हवाई चपला कायमच्या बसल्या. हातातले रबरी मोजे फुगले आणि बोटांना धरेनासे झाले. थिनरच्या चिंध्या टाकायला मी मासळीच्या बर्फाची थर्माकोलची जुनी पेटी घेतली होती. थर्माकोल त्या द्रावात विरघळतं. थोड्या वेळाने पाहिलं तर पेटीला तळ नव्हता आणि ओल्या चिंध्या चढावरून खाली निघाल्या होत्या.

या सगळ्यापेक्षा भयंकर गोष्ट मला दिसतच नव्हती. झायलीनची वाफ हवेच्या साडेतीन पटींहून जड असते. ती आकाशात जात नाही; पाण्यासारखी उतार शोधत जमिनीलगत वाहते. हवा २५-३० अंश तापली की तिला पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. आमच्या चढाचा उतार फाटकाकडे, आणि फाटकाबाहेर मावशींची पाणी तापवायची चूल. मावशींच्या घरात दर वर्षी होडी रंगते, त्यामुळे तो वास त्यांच्या नाकाला ओळखीचा. त्यांनी बादली ओतून आधी चूल विझवली आणि मग मला पेटवलं. त्या वेळी त्या जे बोलल्या त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की शिकलेल्या माणसाजवळ काडेपेटी आणि थिनर एका वेळी असू नये.

आता माघार घ्यायची वेळ होती. पण १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतलेला धारावीचा किल्ला आमच्या घरापासून फार लांब नाही, आणि असल्या शेजारामुळे माणसाच्या अंगात नसतं ते येतं. मेव्हणा कोथरूडहून कप व्हील लावलेला ग्राइंडर घेऊन जातीने दाखल झाला. दोघांनी नाकाला रुमाल बांधले आणि बटण दाबलं. क्षणात आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. काँक्रीटची कोरडी धूळ म्हणजे वाळूतली बारीक सिलिका. ती फुप्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या परिशिष्टात या रोगाचं नाव होतं. रुमाल ही धूळ अडवत नाही. ग्राइंडर चालवायचा तर पाणी सोडत किंवा धूळ ओढणारं यंत्र जोडून. आमची धूळ निघाली ती थेट समोरच्या बोंबलांवर. ग्राइंडर बंद झाला तेव्हा चढाला खड्डा पडला होता (त्यात लोखंड नव्हतं) आणि फाटकात अर्धी आळी उभी होती. मेव्हण्याने संध्याकाळची गाडी पकडली.

जाता जाता तो एका पेंट रिमूव्हरचं नाव सांगून गेला होता. मी डबा आणला. बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला, चष्मा लावला आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. "मिथिलीन क्लोराइड. हे श्वासातून आत गेलं की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद जागेत हे वापरताना माणसं गेली आहेत." युरोपीय संघाने असल्या रिमूव्हरवर केव्हाच निर्बंध आणले, अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी ते बंद केले आणि २०२४ मध्ये बंदी आणखी वाढवली. बेंझिल अल्कोहोलचे जेल मिळतात, ते हळू काम करतात पण त्यामानाने सौम्य असतात, हेही तिने सांगितलं. मी विचारलं, "हे तू आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही फोनवर होतात."

इथून पुढे कामाची सूत्रं बायकोकडे आणि मावशींकडे गेली. माझ्याकडे मजुरी आली.

बायकोने पहिली गोष्ट केली ती अशी, की काहीही ओतलं नाही. एका कोपऱ्यात थिनरचा छोटा बोळा अर्धा मिनिट दाबून धरला आणि बोट लावून पाहिलं. चिकट झालं, म्हणजे ॲक्रिलिक. झालं नसतं तर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन, आणि मग थिनर वाया. ही परीक्षा मे महिन्यापासून कुणालाही करता आली असती. मग पाण्याचा थेंब टाकून पाहिला: थेंब गोल उभा राहिला तर पापुद्रा आहे, मुरला तर नाही. त्यावरून कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे खडूने आखून दिलं.

वेळ मावशींनी ठरवली. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि हवाही थंड असते. ऊन चढेपर्यंत काम आटोपायचं, दुपारी खारे वारे उलटे फिरले की डब्याला हात लावायचा नाही. तेवढा वेळ त्या चूल पेटवणार नाहीत, आमचा पाण्याचा पंप बंद राहील, आणि गाडी रस्त्यावर. मी तोंडाला सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क, डोळ्यांना गॉगल आणि बायकोने द्रावाला टिकतात असं लेबल वाचून निवडलेले मोजे चढवले. मावशींची नातवंडं मला बघायला भिंतीवर बसली. त्यांना तिथून हाकलणं हाही कामाचाच भाग होता.

पद्धत अशी. चढाचा चटईएवढा तुकडा घ्यायचा. त्यावर लाकडाचा भुसा पसरून थिनरने भिजवायचा आणि वर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे द्राव उडत नाही आणि सुटलेला सीलर भुसा पिऊन घेतो. पाव तासाने कागद काढून लाकडी पट्टीने लगदा खरवडायचा. लोखंडी पट्टी नाही, कारण ठिणगी. राहिलेल्या डागावर नायलॉनचा ब्रश. पुन्हा तेच. भुसा गटारात ढकलायचा नाही, कारण आमचं गटार शेवटी समुद्रालाच भेटतं आणि गाव समुद्रावर जेवतं. तो झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून उघड्यावर, सावलीत ठेवायचा. रंग-रसायनांचा असा घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा, हे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सांगून ठेवलं होतं. उत्तनच्या डोंगरावरच्या कचऱ्याला आग लागल्याच्या बातम्या आम्ही पुष्कळ वाचल्या आहेत. त्यात माझ्या डब्याची भर पडली असती तर मावशींनी मला गावात राहू दिलं नसतं.

काम संपलं तेव्हा चढ कसा झाला, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर ठिगळांचा झाला. ॲसिडने खाल्लेला भाग खरबरीत, ग्राइंडरचा खड्डा सिमेंटने बुजवलेला, थिनरने सोडवलेला भाग करडा आणि कडेला एक पट्टा अजून चमकणारा. तो बायकोने मुद्दाम सोडून दिला. तिथे कुणी पाय ठेवत नाही, आणि ऊन-पावसात ॲक्रिलिक एक ते तीन वर्षांत आपण होऊनच झिजतं. निसरडेपणा हीच खरी अडचण असेल तर बारीक वाळू मिसळलेला पातळ हात देऊनही भागतं, हेही तिने तेव्हाच सांगितलं. तोवर माझी पाठ धरली होती.

मावशींनी जवळा मात्र परत आणला नाही. थिनर प्यायलेल्या काँक्रीटवर खायची वस्तू पसरायची नाही, यावर त्यांचं आणि बायकोचं एकमत झालं. तो आता त्यांच्या गच्चीवर जाळीवर सुकतो. पिढ्यांची वहिवाट मोडायला कोर्टकचेरी लागते म्हणतात; मला सीलरचा एक डबा पुरला.

वाचकहो, काँक्रीट आहे तसं राहू द्या. अगदीच राहवत नसेल तर मुरणारा सीलर घ्या, दिसला नाही तरी चालेल. आणि कुठलाही डबा उघडण्याआधी चष्मा लावून त्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा. हा पदार्थ कशाने निघतो, हे तिथे लिहिलेलं नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर डबा तिथेच ठेवून घरी या.